सांबऱ्याच्या पायऱ्या आणि 'रॅम्प'चा घोळ

सांबरा म्हणजे बेळगावचं विमानतळ. तिथली धावपट्टी १९४२ची, युद्धासाठी बांधलेली. गुडघे धरलेल्या आज्जीचा विचार तेव्हा कोण करणार? खानापूर-निपाणीकडची माणसं रेल्वेनं पुण्या-मुंबईला जायची, फार तर गोव्याचं दाबोळी विमानतळ गाठायची. २०१७ला नवी इमारत झाली, मागोमाग 'उडान' या सरकारी स्वस्त विमानसेवेच्या योजनेतली विमानं आली, आणि चाकाच्या खुर्च्या दिसू लागल्या.

खरा घोळ तिकिटावरच्या शेवटच्या अक्षराचा. खुर्ची मागितली की नोंद पडते डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस किंवा डब्ल्यूसीएचसी अशी. आर म्हणजे रॅम्प. आपला रॅम्प म्हणजे बँकेच्या दारातला उतार. विमानवाल्यांचा रॅम्प म्हणजे विमान उभं राहतं ते पटांगण. त्यामुळे आर लागला की प्रवासी पायऱ्या आपल्या आपण चढतो, फक्त लांब चालवत नाही, असं धरतात. एस म्हणजे स्टेप्स: पायऱ्या जमत नाहीत, आत चार पावलं जमतात. सी म्हणजे केबिन: थेट सीटवर नेऊन बसवायचं.

पुण्यातला नातू फोनवर विचारतो, "आज्जी, चालाय येतंय न्हवं?" आज्जी म्हणते, "येतंय की." तो पहिल्याच पर्यायावर बोट ठेवतो. मग एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानाच्या मागच्या दारापाशी खुर्ची थांबते, समोर त्या अरुंद, उभ्या पायऱ्या, आणि आज्जी कठडा धरून नुसती बघत राहते. चूक कुणाची? माझ्या मते असं अक्षर ठरवणाऱ्याची.

नियम मात्र कागदावर जुने आहेत. विमान कंपन्यांसाठीची पहिली नियमावली २००८ची, सुधारणा २०१४ची. मदत हवी असेल तर ४८ तास आधी कळवा, ही अट त्यातलीच. घरात अचानक कुणी गेलं तर ४८ तास कुठून आणायचे? २०१२ला कोलकात्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका प्रवासी बाईंना विमानातून उतरवलं. २०१६ला सर्वोच्च न्यायालयानं १० लाखांची भरपाई द्यायला लावली. २०२२ला रांचीत एका दिव्यांग मुलाला चढू दिलं नाही, तेव्हा नियम बदलला: अपंगत्वाचं कारण सांगून कंपनीनं परस्पर नाही म्हणायचं नाही, विमानतळावरच्या डॉक्टरनं प्रवाशाला समोर तपासायचं. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबईत खुर्ची कमी पडली, ८० वर्षांचे गृहस्थ पत्नीच्या खुर्चीमागून चालत निघाले आणि कोसळून वारले. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला.

पुढच्याच महिन्यात सांबऱ्याच्या आणखी एका टर्मिनलची पायाभरणी झाली. तिथं एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारात नेणारा बंद पूल, आला तरी एटीआरसारख्या बुटक्या विमानाला तो सहसा लागत नाही. आज्जीचं विमान बहुतेक तेच असतं.