खोल समुद्रातील शीतजल प्रवाळांचा नकाशा

नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहाजवळ, र्‍योस्ट बेटाच्या पश्चिमेला, 300 ते 400 मीटर खोलीवर सुमारे 35 किलोमीटर लांबीची प्रवाळरांग आहे, हे कळायला 2002 साल उजाडावे लागले. शतकानुशतके मासेमारी चालत आलेल्या समुद्रात एवढी मोठी रचना नजरेआड राहिली, याचे फारसे नवल नाही. तेथील लोफेलिया हे प्रवाळ साधारण 4 ते 12 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात वाढते. उष्ण कटिबंधातील प्रवाळांप्रमाणे त्याच्या पेशींत शैवाल राहत नसल्यामुळे त्याला सूर्यप्रकाश लागत नाही. प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव आणि सेंद्रिय कण टिपून ते जगते. अशा काळोखात उपग्रहांचे कॅमेरे निरुपयोगी ठरतात आणि मोजणीची सारी भिस्त ध्वनीवर येते.

सर्वेक्षण जहाजाच्या तळाशी बसवलेला मल्टीबीम एकोसाउंडर ध्वनीचे शेकडो झोत पंख्यासारखे पसरून खाली सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असला, तरी तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार तो बदलतो व तिरपे झोत वाकतात. म्हणून मोजणीच्या दरम्यान वेळोवेळी पाण्यात उपकरण सोडून वेगवेगळ्या थरांतील ध्वनिवेग तपासावा लागतो. त्यात हयगय झाली, तर सपाट तळही नकाशावर कडेला वर उचललेला किंवा खाली वाकलेला दिसतो.

खरी अडचण मात्र बारकाव्याची आहे. एक अंश रुंदीचा झोत 1000 मीटर खाली पोहोचेपर्यंत सुमारे 17 मीटर पसरतो. दोन मीटरची जिवंत प्रवाळ वसाहत त्यात हरवून जाते. दिसतो तो तिच्या पूर्वजांच्या सांगाड्यांवर आणि त्यांत अडकलेल्या गाळावर उभा राहिलेला उंचवटा. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला असलेला चॅलेंजर उंचवटा 155 मीटर उंच आहे. 2005 मध्ये त्यात छिद्र पाडून नमुने काढल्यावर त्याची उभारणी सुमारे 26 लाख वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे दिसले, पण आज त्याच्या पृष्ठभागावर बहुतांशी मृत प्रवाळच आढळते. उंचवटा सापडला म्हणजे जिवंत प्रवाळ सापडले, असे मानता येत नाही.

त्यामुळे जहाजाच्या नकाशावरून संशयाच्या जागा निवडून तेथे स्वयंचलित पाणयान पाठवतात. ते तळापासून काही दहा मीटर उंचीवरून फिरत असल्याने अधिक बारीक नकाशा हाती येतो. शेवटची खातरजमा केबलने जहाजाला जोडलेल्या, वरून चालवल्या जाणाऱ्या यंत्राचा कॅमेरा करतो. त्याच्या चित्रात ठरावीक अंतरावरचे दोन लेसर ठिपके असतात. त्यांच्याशी ताडून वसाहतीचा आकार मोजतात. जीपीएसचे संकेत पाण्यात शिरत नाहीत, म्हणून हे यंत्र नेमके कुठे आहे हेही जहाजाशी होणाऱ्या ध्वनिसंकेतांच्या देवाणघेवाणीतूनच ठरवावे लागते.

वरून पाहणाऱ्या नकाशाला उभे कडे जवळजवळ दिसतच नाहीत. युरोपच्या खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेवरील व्हिटार्ड दरीत संशोधकांनी एकोसाउंडर केबलने जोडलेल्या यंत्राच्या पुढच्या बाजूला बसवून त्याचा रोख आडवा केला, तेव्हा सुमारे 1350 मीटर खोलीवरच्या, 120 मीटर उंच कड्यावर प्रवाळांची दाट वस्ती आढळली. साध्या नकाशात ती जागा केवळ तीव्र उतार म्हणून नोंदली गेली असती.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडील ब्लेक पठाराच्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशात उंचवट्यांची 83,908 शिखरे मोजली आहेत आणि त्यांच्या खातरजमेसाठी पाणबुडी यंत्रांच्या 23 बुड्यांचा आधार घेतला आहे. म्हणजे बहुतेक शिखरांवर काय आहे, हा पाहिलेल्या थोड्या जागांवरून काढलेला अंदाज आहे; आकार, उतार आणि तळाचा खडबडीतपणा यांच्या आधारे तो बांधतात.

स्कॉटलंडच्या वायव्येकडील डार्विन उंचवटे 1998 मध्ये सापडले आणि 2003 मध्ये तेथे तळ खरवडणाऱ्या ट्रॉल मासेमारीला बंदी झाली. आठ वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा आधीच तुडवल्या गेलेल्या पूर्वेकडील भागात नवे प्रवाळ रुजल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष काढता आला, कारण जुन्या नकाशावरून त्याच उंचवट्यांवर पुन्हा पोहोचणे शक्य झाले.