आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाचे अर्थसाहाय्य (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

चक्रीवादळ, पूर, वणवा यांसारख्या आपत्तींनंतर रहिवाशांची घरे पुन्हा उभी करण्यासाठी अमेरिकेतील घटक राज्ये, काउंटी (राज्यांतील जिल्ह्यांसारखे विभाग) आणि शहरे विविध मार्गांनी पैसा उभारतात. यातील मोठा वाटा संघीय सरकारचा असला, तरी तो हाती येईपर्यंतचा काळ निभावणे आणि त्यातून सुटलेले नुकसान भरून काढणे हे ओझे राज्यांवर व स्थानिक संस्थांवरच पडते.

स्टॅफर्ड कायद्यानुसार (१९८८) राज्याच्या गव्हर्नरने विनंती केल्यावर राष्ट्राध्यक्ष मोठी आपत्ती जाहीर करतात. त्यानंतर सार्वजनिक मालमत्तेच्या दुरुस्तीचा किमान ७५ टक्के पात्र खर्च ‘फेमा’ ही आपत्ती-व्यवस्थापनाची संघीय संस्था उचलते. कुटुंबांना मिळणारे निवारासाहाय्य पूर्णतः संघीय असते, तर घरसामान, औषधोपचार, अंत्यविधी इत्यादी इतर गरजांच्या खर्चात राज्याला २५ टक्के वाटा द्यावा लागतो. २०२४ या वित्तीय वर्षात या दोन्ही प्रकारांची कमाल मर्यादा प्रत्येकी ४२,५०० डॉलर होती. उद्ध्वस्त घर नव्याने बांधण्यास ती सहसा अपुरी पडते.

लहान आपत्तींना ‘मोठी आपत्ती’ हा दर्जा मिळत नाही आणि बहुतेक राज्यांवर अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याचे कायदेशीर बंधन असल्याने राखीव निधी आधीच बाजूला काढावा लागतो. मिनेसोटाने २०१४ मध्ये असे स्वतंत्र खाते उघडले. मात्र त्यातील पैसा मुख्यतः रस्ते, पूल व सार्वजनिक सुविधांसाठी आहे, घरमालकांसाठी नव्हे.

दीर्घकालीन घरबांधणीचा मुख्य आधार म्हणजे गृहनिर्माण व नगरविकास खात्याचे आपत्ती-अनुदान. त्यासाठी काँग्रेस (अमेरिकेची संसद) प्रत्येक वेळी स्वतंत्र तरतूद करते, मग राज्य आराखडा सादर करते, आणि यात अनेक महिने, कधी वर्षेही जातात. वाटपाचे सूत्र राज्य ठरवते, आणि खरा वाद तेथेच उद्भवतो. कतरिना व रीटा (२००५) या चक्रीवादळांनंतर लुइझियानाने ‘रोड होम’ योजनेत घरमालकांना कमाल १,५०,००० डॉलरचे अनुदान देऊ केले, पण घराचे वादळापूर्वीचे मूल्य किंवा दुरुस्तीखर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल ती आधार मानली. न्यू ऑर्लीन्समधील कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांचे बाजारमूल्य कमी असल्याने दुरुस्तीखर्च सारखा असूनही तेथील घरमालकांच्या हाती कमी रक्कम पडली. त्यावरून २००८ मध्ये दाखल झालेला खटला २०११ मध्ये तडजोडीने मिटला.

स्थानिक संस्थांची अडचण दुहेरी असते, कारण खर्च वाढतो त्याच वेळी पडलेल्या घरांमुळे मालमत्ताकराचे उत्पन्न घटते. ‘फेमा’ची कर्जे असतात, पण ती मर्यादित आहेत. टेक्सासमधील हॅरिस काउंटीच्या मतदारांनी हार्वी वादळानंतर वर्षभराने, २०१८ मध्ये, पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. नॉर्थ कॅरोलायनातील मेक्लेनबर्ग काउंटी १९९९ पासून पूरप्रवण घरे मालकांच्या संमतीने विकत घेऊन पाडते. पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी आकारल्या जाणाऱ्या शुल्कातून तिच्याकडे स्वतःचा पैसा असल्याने, संघीय मंजुरीची वाट न पाहता, मालकाने दुरुस्तीवर खर्च करण्याआधीच ती काही घरे खरेदी करू शकते.