पिशवीतून पाहिलेला बाजार

रावेरकडच्या केळीच्या बागेतलं कुत्र्याचं पिल्लू आमच्या घरी आलं तेव्हा जेमतेम दीड महिन्याचं होतं. आणखी दोन आठवडे ते आईजवळच राहायला हवं होतं, पण आई ट्रकखाली गेली होती. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांची वीण बहुतेक हिवाळ्यात होते, त्यामुळे पिल्लांचे पहिले आठवडे ऐन थंडीत जातात. आजीने कोपऱ्यात बारदान अंथरलं आणि म्हणाली, "दूध दे तेले." वाटीभर गाईचं दूध पाजलं. रात्रभर त्याला हगवण लागली.

कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि लॅक्टोज ही साखर कमी असते. शिवाय पिल्लू आईचं दूध सोडू लागलं की ही साखर पचवणारं विकर त्याच्या आतड्यात घटत जातं. न पचलेली साखर मग आतड्यात पाणी ओढून घेते. आम्ही दूध बंद केलं आणि मऊ भातात उकडलेलं अंडं, कोंबडीचे बारीक तुकडे घालून दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यायला लागलो.

पण त्याच्या जिवाला खरी भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या विषाणूची होती. १९७८च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. तो मातीत महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या साबणाने किंवा फिनाइलने नीट मरत नाही, ब्लीचने मरतो. आमचं आधीचं पिल्लू यानेच गेलं. लसीचं एक इंजेक्शन दिलं होतं, तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो. ती चूक माझी.

एका इंजेक्शनने का भागत नाही? गाय व्याली की आपण चिकाचा खरवस करतो, तसाच चीक कुत्रीलाही येतो. त्यात तिची रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात. जन्मानंतर जेमतेम एक दिवस पिल्लाचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात जाऊ देतं, मग ती वाट बंद होते. ही उसनी प्रतिपिंडं पिल्लाला राखतात, पण लसीतल्या विषाणूलाही तीच निकामी करतात. ती हळूहळू ओसरतात, आणि किती दिवसांत ओसरतील हे एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही सारखं नसतं. ज्याने चीक जास्त प्यायला त्याची जास्त टिकतात. मधे असे काही दिवस येतात की ती रोगाला अडवायला अपुरी आणि लसीला अडवायला पुरेशी असतात. तो काळ बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. त्यातली एक तरी वेळ बहुतेक साधते. डॉक्टर उगाच फेऱ्या मारायला लावतात असं वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. आणि खेळताना लागलेला दातही हलका समजू नका: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

मग लस पुरी होईपर्यंत चार महिने पिल्लू घरातच कोंडायचं का? तसं केलं तर दुसरं नुकसान होतं. फ्रीडमन, किंग आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्लं कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती पुढेही माणसाला बिचकतच राहिली. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लाचा मेंदू ठरवत असतो की जगात काय नेहमीचं आणि काय धोक्याचं. म्हणजे ज्या आठवड्यांत मातीत पाय ठेवणं जोखमीचं, त्याच आठवड्यांत जग दिसायला हवं.

आम्ही त्याला कापडी पिशवीत घालून फिरवलं. आठवडे बाजारातली मिरच्यांची धग, केळीच्या ट्रकचा हॉर्न, बैलगाडी, फेटेवाले म्हातारे, शाळेतली पोरं, सगळं त्याने पिशवीच्या तोंडातून पाहिलं. पाय जमिनीला लागू दिला नाही. पहिल्या दिवशी ते थरथरलं तसा मी लगेच मागे फिरलो. घाबरवून सवय लागत नाही.

मांजराचा हा काळ आणखी लवकर येतो: दुसरा ते सातवा आठवडा. म्हणून गोठ्यात वीण झाली तर पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घ्या. आणि मांजराला दूध-भाकरीवर वाढवू नका. टॉरिन हे द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतून मिळतं. त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय कमकुवत होतं. माळकऱ्याच्या घरी मांजर पाळायचं तर टॉरिन घातलेलं तयार खाद्य आणावंच लागेल.

भरीत आणि शेवभाजीचा रस्सा मात्र दोघांनाही नको. कांदा-लसणाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त तळपायाला, बाकी सगळं धापेवर. म्हणून फिरणं पहाटेच. एका संध्याकाळी दारावरून वरात गेली, बँड जोरात होता. आमचं पिल्लू रांजणाखालच्या ओल्या मातीत पसरलं होतं. त्याने एक कान उचलला, वरातीकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली टेकवली.