बान्सीच्या ठरावामागची सहा वर्षं

नोव्हेंबर 2022 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाने ठराव केला: 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद, मोडला तर 200 रुपये दंड. बातमी राज्यभर गाजली. गावावर ही पाळी का आली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. तरी फोन कर्त्या माणसाच्या खिशातच असे. मार्च 2020 नंतर तो पोरांच्या हाती गेला. शाळेला कुलूप, अभ्यास व्हॉट्सॲपवर. त्याच उन्हाळ्यात खरेदी रखडून कित्येकांचा कापूस घरात पडून होता. पोरांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून लोकांनी उधारी करून फोन घेतले, हे विसरून आईबापांना दोष देणं मला पटत नाही. ऑक्टोबर 2021 पर्यंत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या, पण फोन काही परत खिशात गेला नाही.

दिवाळीनंतर वेचणी लागली की माय-बाप सकाळीच वावरात जातात, येतात दिवेलागणीला. आमच्या शेजारचा नववीतला पोरगा तोवर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, चार्जर लावलेलाच. बोंडांनी ओरबाडलेल्या हातांनी माय फोन हिसकावते. पण तिला फोन उघडायचा पॅटर्न ठाऊक नसतो. आत काय आहे, कशानं पोरगा जेवत नाही, बोलत नाही, हे तिला कळणार कसं?

मुलींचं वेगळंच. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या 2023 च्या अहवालात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींपैकी फक्त 19.8 टक्क्यांकडे. हा आकडा देशाचा, पण आमच्याकडेही मुलीचा फोन तपासतात, मुलाला कुणी विचारत नाही.

मनाच्या आजाराबद्दल विदर्भात सरकारी पातळीवर बोलणं सुरू झालं ते शेतकरी आत्महत्यांमुळे. 2015 चा प्रेरणा प्रकल्प, म्हणजे सरकारचा समुपदेशनाचा कार्यक्रम, तोही शेतकऱ्यांसाठीच होता. घरातलं पोरगं त्या नजरेत उशिरा आलं. बान्सीच्या ठरावाच्या महिनाभर आधी, 10 ऑक्टोबर 2022 ला, टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली: 14416, मोफत, चोवीस तास. शेजारच्या माउलीला हा नंबर मी परवा सांगितला. तिने तो पोराकडूनच फोनमध्ये टाकून घेतला.