फळ न घालता आलेला फळाचा वास

बिअरला ग्रेपफ्रूटचा वास आला, की यात फळाचा अर्क घातलाय अशी अनेकांची खात्रीच होते. बहुतेक वेळा तो वास हॉप्सचा असतो. हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांचा कागदासारखा हलका, हिरवा शंकू बोटांत चुरडला, की पिवळी चिकट पूड हाताला लागते. हे ल्युप्युलिन. बिअरचा कडूपणा आणि वास दोन्ही प्रामुख्याने याच पुडीतून येतात, पण वेगवेगळ्या रेणूंमुळे.

एरवी तीन-चार वाण मिसळले जातात, त्यामुळे कुणाचा वाटा कोणता हे कळत नाही. प्रत्येक बिअर एकाच वाणाच्या हॉप्सची केली आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), यीस्ट, पाणी तेच ठेवून फक्त तो वाण बदलला तर कळतं. 1972 साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमधून आलेल्या कॅस्केड या वाणाचा ग्रेपफ्रूटचा वास तेव्हा सरळ नाकात येतो.

यातली कडूपणाची गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. पुडीतली अल्फा आम्लं पाण्यात जेमतेम विरघळतात. माल्टचा रस तासभर उकळताना त्यांच्या रेणूतलं सहा कार्बनांचं कडं आकसून पाच कार्बनांचं होतं. एकही अणू वाढत नाही की घटत नाही, फक्त मांडणी बदलते. तरीही हा नवा रेणू, म्हणजे आयसो-अल्फा आम्ल, सहज विरघळतो आणि जिभेवर कडू उतरतो. त्याच उकळीत मायर्सीनसारखी सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर निघून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप्स सुरुवातीला घालतात; वासासाठी अगदी शेवटी, किंवा आंबवण सुरू असताना वा संपल्यावर, न उकळता.

आता या तुलनेतली खरी अडचण. चेक साझ या वाणात अल्फा आम्लं 3-4 टक्के, तर अमेरिकी सिट्रामध्ये 11-13. उकळीत तेवढाच कडूपणा आणायचा तर साझ तिप्पट लागतं, आणि त्याच्यासोबत पानांचा चोथा, तुरट टॅनिन हेही वाढतं. मग चवीतला फरक वाणाचा की वजनाचा? माझ्या मते कडूपणा बिनवासाच्या हॉप-अर्काने सारखा करावा आणि शेवटी प्रत्येक वाण समान वजनाने घालावा. काटेकोर मंडळी याला ‘एकाच हॉपची बिअर’ म्हणणार नाहीत, पण तुलना तरी खरी होते.

लेबलवरच्या आयबीयूच्या, म्हणजे कडूपणाच्या एककाच्या, मोठ्या आकड्याला भुलू नये. तो आयसो-अल्फा आम्लांचा अंदाज देतो, जिभेला जाणवणाऱ्या कडूपणाचा नाही. माल्टचा गोडवा भरपूर असेल तर 60 ची बिअर 40 च्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते.

यीस्टही गप्प बसत नाही. हॉप्समधल्या गुलाबासारख्या वासाच्या जिरॅनिऑलचं ते लिंबाकडे झुकणाऱ्या सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करतं. तेव्हा दोन ग्लासांची तुलना करण्याआधी यीस्ट एकच आहे ना, हे विचारावं. आणि सुरुवात साझपासून करावी. आधी सिट्रा प्यायलं, तर साझचा तो हलका, गवती मसालेदार वास नाकाला सापडतच नाही.