वीरगळ

लढताना मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ गावाने किंवा घरच्यांनी उभारलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकात असे दगड वेशीजवळ, महादेवाच्या किंवा भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात, पाराच्या कडेला आणि शेताच्या बांधावर आढळतात. महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार-यादव काळातले, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. कर्नाटकात ही प्रथा त्याच्याही आधीपासून दिसते. मराठेशाहीतही वीरगळ उभे राहिले, पण तोवर कोरीवकाम साधे होत गेले होते.

राजांचे पराक्रम ताम्रपटांत आणि प्रशस्तींत नोंदले गेले. गावावर धाड आली तेव्हा तलवार घेऊन पुढे झालेल्या गावकऱ्यासाठी असले काही लिहिले गेले नाही. त्याच्या वाट्याला आला तो हा दगड, आणि मध्ययुगीन महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाच्या मरणाचा इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच सापडतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. दगडावर बहुधा तीन किंवा चार आडव्या चौकटी असतात. सर्वांत खाली वीर धारातीर्थी पडलेला दिसतो, आणि मरण गुरांपायी आले असेल तर त्याच्याजवळ गायींची रांग कोरलेली असते. गुरे हेच धन होते. ती हाकून नेण्यासाठी धाडी पडत आणि ती सोडवून आणताना माणसे मरत. त्यावरच्या चौकटीत प्रत्यक्ष झुंज असते: एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार, समोर एक-दोन शत्रू, कधी घोडेस्वार. तिसऱ्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी असतो, माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. एकच माणूस एका दगडावर तीन-चार वेळा भेटतो. नाक-डोळे पावसापाण्याने झिजलेले असले, तरी मानेमागचा केसांचा बुचडा बऱ्याचदा स्पष्ट दिसतो आणि त्यावरून चौकटीगणिक तो ओळखता येतो. काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले असतात.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर एकही अक्षर नाही. कर्नाटकात मात्र लेख असलेले वीरगळ विपुल आहेत आणि त्यांतून वीराचे नाव, गाव, प्रसंग, कधी तिथीसुद्धा कळते. तिथल्या आतकूर येथील लेख इसवी सन ९४९-५० चा आहे. रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याचे स्मारक त्यात नोंदले आहे. आपल्याकडच्या दगडांवर नावे नाहीत याचे कारण अनास्था असावे, असे वाटत नाही. इतकी मेहनत घेऊन दगड घडवणाऱ्यांना तो कोणाचा हे ठाऊक होते. पुढच्या पिढ्यांनाही ते ठाऊक राहील, असे त्यांनी धरले असावे.

मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावातले सहा वीरगळ विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर जमिनीवरच्या लढाईबरोबर आरमारी लढाईही कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते आणि त्यांवरचे सैनिक त्यात दिसतात. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाशी हे दगड जोडले जातात, तर काही अभ्यासक ते अकराव्या शतकातले मानतात. कदंबकालीन गोव्यातही समुद्रात मेलेल्यांचे वीरगळ झाले; जहाज कोरलेले असे दगड जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाहायला मिळतात. देशावर, वाई तालुक्यातल्या किकली गावी भैरवनाथाच्या देवळाभोवती वीरगळ मोठ्या संख्येने आहेत, आणि बारामतीजवळच्या लोणी भापकरलाही.

मेलेल्याचा मान केवळ दगडावर भागत नसे. कर्नाटकातल्या लेखांत वीराच्या कुटुंबाला जमीन दिल्याचे उल्लेख येतात. अशा इनामाला ‘नेत्तरुगोडगे’ म्हणत. मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी, म्हणजे त्यांच्या पालनपोषणासाठीची नेमणूक, दिली जाई.

वीरगळांच्या शेजारी पुष्कळदा सतीशिळा असते: कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात आणि वर चंद्र-सूर्य. या गौरवाच्या प्रथेत एका जिवंत बाईचे जळणे सामावलेले होते. वीरगळाबद्दल आदराने लिहिताना हे वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नाव विसरले गेले तरी वीर विसरला गेला नाही. अनेक गावांत वीरगळाला शेंदूर लागला, नारळ फुटू लागला, आणि गावासाठी मेलेला माणूस गावचा राखणदार देव झाला. घराण्यातल्या वीराचा टाक, म्हणजे प्रतिमा उठवलेला धातूचा छोटा पत्रा, देव्हाऱ्यात बसवण्याची रीतही याच जातीची. नाशिकमध्ये धुळवडीला हे टाक वाजतगाजत मिरवत गोदावरीवर स्नानाला नेतात. दाजीबा वीराची मिरवणूक त्या दिवशीचा मोठा मान. पंढरपूरचा विठ्ठल मुळात गुरांसाठी झुंजलेला वीरपुरुष असावा, असेही मत मांडले गेले आहे. ते सर्वमान्य नाही, पण वीरपूजेची मुळे इथल्या भक्तीत किती खोल असू शकतात, याची त्यावरून कल्पना येते.

आज या दगडांची स्थिती चिंताजनक आहे. कुठे ते पायरीला लागले आहेत, कुठे धुण्याचा दगड झाले आहेत. देवळाचा जीर्णोद्धार करताना जुने दगड म्हणून ते बाजूला टाकले जातात किंवा भिंतीत चिणले जातात, आणि काही ठिकाणी भक्तिभावानेच ऑइलपेंट फासला जातो. त्याने कोरीवकाम बुजते. शेंदराची जाड पुटे घरगुती हत्याराने खरवडली, तर दगडाचा थरही निघून येतो. ते काम जाणत्या संवर्धकाकडूनच, आणि पूजा करणाऱ्यांच्या संमतीने व्हायला हवे. काही गावांत तरुणांनी विखुरलेले वीरगळ गोळा करून देवळापाशी ओळीने उभे केले आहेत. हे काम मोलाचे आहे, मात्र हलवण्याआधी प्रत्येक दगडाची मूळ जागा छायाचित्रासह नोंदवली पाहिजे. लेख नसलेल्या वीरगळाची माहिती पुष्कळदा जागेवरूनच मिळते: तो वेशीवर होता, खिंडीत होता की गायरानात, यावरून लढाई कशासाठी झाली असेल याचा माग लागतो.