प्लग वायरच्या आत तांबं का नसतं?

प्लग वायर म्हणजे इंजिनातल्या स्पार्क प्लगपर्यंत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागापर्यंत, हजारो व्होल्टची वीज नेणारी वायर. ती घरच्या घरी बदलायला फारशी हत्यारं लागत नाहीत. तरी हे काम हाती घेणाऱ्याला दोन गोष्टी हमखास बजावल्या जातात. एका वेळी एकच वायर काढा. आणि काढताना वायरीला धरून ओढू नका, टोकाचा रबरी बूट धरा. पहिली सूचना शंभरएक वर्षं जुन्या मांडणीतून आलेली आहे. दुसरी खऱ्या अर्थाने महत्त्वाची झाली ती मोटारीत रेडिओ आल्यानंतर.

विजेच्या ठिणगीने इंजिन चालवणं मोटारीपेक्षाही जुनं आहे. एतिएन लेनवार यांनी 1860 मध्येच आपल्या गॅस इंजिनात ती वापरली होती. 1886 च्या पेटंटवाल्या मोटारगाडीत कार्ल बेन्झ यांनीही बॅटरी आणि कॉइल (व्होल्टेज वाढवणारं तारेचं वेटोळं) हेच घेतलं, पण इग्निशन, म्हणजे इंधन पेटवणं, ही सगळ्यात अवघड अडचण असल्याचं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. त्याच काळात डायमलर यांनी विजेचा नाद सोडून ज्योतीने तापवलेली नळी पसंत केली होती. 1902 मध्ये बॉश कंपनीचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी हाय-व्होल्टेज मॅग्नेटो (चुंबकाच्या साहाय्याने वीज तयार करणारं यंत्र) आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. हजारो व्होल्ट एका जागी तयार करून वायरीने दुसरीकडे न्यायचे, ही पद्धत तिथून रुळली.

1908 च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये लाकडी पेटीत चार कॉइल असत, प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी. त्याच सुमारास चार्ल्स केटरिंग यांनी आपल्या डेल्को कंपनीत बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनचं काम हाती घेतलं. 1912 च्या कॅडिलॅकला त्यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला आणि चांगली बॅटरी गाडीचा भागच झाली. मग एक कॉइल, तिचा प्रवाह तोडणारा एक पॉइंटचा संच आणि फिरत्या रोटरने प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर ही मांडणी जगभर पसरली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं टिकली.

वायरींचा गुंता याच मांडणीतला. डिस्ट्रिब्युटर कॅपवरची तोंडं सिलिंडरच्या क्रमाने नसतात, ठिणगीच्या क्रमाने असतात. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत तो 1-3-4-2 असा असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते, इंजिन थरथरतं, कार्ब्युरेटरमधून फटाक्यासारखा आवाज येतो किंवा गाडी सुरूच होत नाही. म्हणून एक काढायची, तिच्याच लांबीची नवी लावायची आणि मगच दुसरीला हात घालायचा.

सुरुवातीच्या वायरी साध्या होत्या: आत तांब्याच्या बारीक तारा, वर रबर, त्यावर लाखेचा हात दिलेलं सुती विणकाम. तांब्याला काही होत नसे, रबर मात्र मार खाई. उच्च व्होल्टेजमुळे वायरीभोवतीच्या हवेत ओझोन तयार होतो आणि ओझोन रबराला भेगा पाडतो. त्यात इंजिनाची उष्णता आणि तेल. मग दमट हवेत गाडी मिसिंग करू लागते, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. अशा गाडीचं बॉनेट अंधारात उघडून इंजिन चालू ठेवलं, तर भेगांपाशी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. हात न लावता करता येणारी ही तपासणी आजही उपयोगी आहे.

1930 मध्ये गॅल्विन कंपनीने मोटोरोला नावाचा कार रेडिओ बाजारात आणला आणि वायरीचा दुसरा दोष उघड झाला. प्लगमध्ये ठिणगी पडते त्या क्षणी वायरीतून उच्च वारंवारतेचा झटका जातो आणि तांब्याची लांब वायर अँटेनाचं काम करते. इंजिनाच्या वेगाबरोबर रेडिओतली खरखर वाढत जाई. आधी प्लगवर आणि डिस्ट्रिब्युटरवर वेगळे रेझिस्टर बसवले गेले. टीव्ही घरोघर पोहोचल्यावर रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या शेजारच्यांचं चित्र बिघडवू लागल्या. ब्रिटनने तर 1952 मध्ये इग्निशनमुळे होणाऱ्या व्यत्ययावर नियमच केले.

याच दशकात अमेरिकी गाड्यांत तांब्याच्या जागी कार्बन भिनवलेला धागा आला. माझ्या मते या वायरीच्या इतिहासातला हा सगळ्यात कल्पक बदल. ठिणगीला लागणारा प्रवाह इतका थोडा असतो, की वायरीत काही हजार ओहमचा रोध घातला तरी इंजिनाला फरक पडत नाही, पण व्यत्यय दबतो. जुनी कार्बन वायर कापून पाहा: जाड आवरणाच्या मधोमध काळा दोरा दिसतो आणि बोटाला काळं लागतं. वायर ओढली की हाच दोरा आतल्या आत तुटतो किंवा टोकाच्या क्लिपमधून सुटतो, बाहेरून मात्र काहीच कळत नाही.

1970 च्या दशकात धुराचे नियम कडक झाले. पेट्रोल-हवेचं पातळ मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागू लागलं. जनरल मोटर्सची 1974-75 मध्ये आलेली एचईआय ही जोरदार ठिणगीची इलेक्ट्रॉनिक इग्निशन यंत्रणा 35,000 व्होल्टच्या घरात जात असे. त्यासाठी 8 मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या वायरी आल्या. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण धारदार कडेला लागलं की सहज फाटतं, आणि बूट प्लगच्या चिनी मातीला चिकटून बसतो. म्हणून तो आधी थोडा पिळून सैल करायचा आणि नव्या बुटाला आतून सिलिकॉन ग्रीस लावायचं.

1980 च्या दशकात डिस्ट्रिब्युटर जाऊ लागला. पुढे प्रत्येक प्लगवरच कॉइल बसली आणि वायर उरलीच नाही. ज्यांच्या गाडीत ती अजून आहे त्यांना कधी कधी शून्य रोधाची तांब्याची वायर सुचवली जाते, जोरदार ठिणगी मिळेल म्हणून. रोजच्या गाडीला ती लावू नये. आता व्यत्यय फक्त रेडिओला नाही, इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि सेन्सरलाही होतो. नवी वायर बसवण्याआधी मल्टिमीटर लावून पाहावा. कार्बन वायरीचा रोध फुटाला साधारण 3,000 ते 12,000 ओहम असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. काटा हललाच नाही, तर आतला धागा तुटलेला आहे.